काळोखातले धुणे

टिपलेल्या छायाचित्राची फिल्म रसायनांतून काढण्याच्या क्रियेला आपण ‘फोटो धुणे’ म्हणतो. शब्द साधा आहे आणि तो आपल्या घरच्या मोरीतून आलेला आहे. आता घरातले धुणे कोणी धुतले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझी उमेद कामगारांच्या हजेरीपटांवरील नावे तपासण्यात गेली असल्यामुळे मला मात्र हाच प्रश्न आधी सुचतो. तोच आज कुडाळकर श्रोत्यांपुढे मांडतो.

घरी फिल्म धुण्याची आपल्याकडील सर्वांत मोठी कथा दादरच्या मथुरा भवनात घडली. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके विमा गहाण टाकून विलायतेस गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र व छपाईचे सामान घेऊन परतले. पुढे पत्नीचे दागिनेही या कामी आले. कोरी फिल्म तेव्हा कडांना भोके न पाडलेली येई. ती भोके अंधारात पाडावी लागत, आणि हे काम रात्री सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुण्याची रसायनेही त्याच कालवीत. दिवसा चित्रीकरण चालू असता उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकणे, हेही त्यांच्याच अंगावर होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. कामाला स्त्री न मिळाल्याने तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. पडद्यावर स्त्री नव्हती; पण यंत्रातून फिरणारी ती फिल्म एका स्त्रीच्या हातांखालून गेली होती.

त्या काळची फिल्म तांबड्या उजेडाला जवळजवळ आंधळी असे, म्हणून लाल दिव्याच्या मंद प्रकाशात ती धुता येई. रंगीत फिल्मने तो दिवाही विझवला. तिच्यावर निळा, हिरवा आणि तांबडा प्रकाश टिपणारे तीन थर असतात. धुताना त्या थरांत चांदीच्या जोडीने अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि हिरवट-निळा रंग धरतो. मग चांदी काढून टाकली की रंग तेवढा मागे राहतो. म्हणजे काळोख पुरा हवा आणि पाण्याची ऊबही नेमकी हवी. घरच्या मोरीतले काम अशा रीतीने कारखान्यात गेले. आपल्याच ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचे ठरवले, तेव्हा तो छपाईसाठी जर्मनीला न्यावा लागला, आणि एवढे करून रंग मनासारखे उतरले नाहीत ते नाहीतच.

१९४२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने ‘कोडाकलर’ ही रंगीत निगेटिव्ह बाजारात आणली. धुलाईची मजुरी फिल्मच्या किमतीतच धरलेली असे. गिऱ्हाइकाने फोटो काढून रोल कंपनीकडे पाठवायचा. दुसऱ्या कोणी तो धुवायचा प्रश्नच नव्हता, कारण पैसे आधीच कंपनीच्या गल्ल्यात. अखेर तेथील सरकारने मक्तेदारीविरोधी कायदा पुढे केला, आणि १९५४ साली न्यायालयात झालेल्या तडजोडीने कंपनीला फिल्म व धुलाई वेगळी करावी लागली व आपली कृती इतरांना द्यावी लागली. कामाची कृती एकाच्या मुठीत राहिली की काम करणाऱ्याचे हात कसे बांधले जातात, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

१९७२ साली आलेली ‘सी-४१’ ही कृती आजही चालते. काळोखात फिल्म बंद डब्यात भरली की पुढचे सारे उजेडात करता येते. ३८ अंश सेल्सिअसच्या पहिल्या रसायनात ३ मिनिटे १५ सेकंद, मग चांदी काढणारी रसायने आणि स्वच्छ पाणी. कृष्णधवल फिल्मला २० अंशांचे पाणी लागते, ते वैशाखातल्या कोकणात बर्फावाचून मिळणे कठीण. रंगीत फिल्मला बादलीभर गरम पाणी पुरते. मात्र हातमोजे हवेत, वारा खेळता हवा आणि स्वयंपाकाचे भांडे या कामी वापरू नये. या रसायनांनी कातडीवर पुरळ उठते, आणि लॅबमध्ये रोज हात बुडवणाऱ्याला ते दुखणे जन्माचे जडू शकते.

आमच्या लहानपणी लग्नातला रंगीत रोल शहराकडे धुवायला जाई आणि सारे घर पाकिटाची वाट पाहत बसे. पुढे लहान गावांतूनही लॅब झाल्या; डिजिटल कॅमेरा आल्यावर त्या एकामागून एक मिटल्या. तिथले कारागीर मिळेल त्या कामाला लागले. आज हौशी तरुण पुन्हा घरच्या मोरीत रोल धुऊ लागले आहेत, याचा मला आनंद वाटतो. ज्याने एकदा स्वतः धुतले, तो धुणाऱ्याला विसरत नाही.

आपापल्या घरी जुन्या नारिंगी निगेटिव्हच्या पट्ट्या असतील. पाकिटावर वधूवरांची नावे असतात, फोटोवाल्याचा शिक्का असतो; धुणाऱ्याचे नाव नसते. तो माणूस किंवा ती बाई अजून आपल्या पंचक्रोशीत असेल, तर जाऊन विचारा आणि पाकिटावर ते नाव लिहून ठेवा.