शिकलेले हात आणि परक्या देशाचे रजिस्टर

कंपू हे नाव आपण रोज घेतो, पण त्याचा अर्थ घरातल्या मुलांना सांगायचा राहून जातो. कंपू म्हणजे छावणी. हा शब्द इंग्रजी ‘कॅम्प’वरून किंवा त्याहून जुन्या पोर्तुगीज ‘कांपो’वरून आपल्याकडे आला. महादजी शिंद्यांच्या काळात त्याला आणखी एक नेमका अर्थ होता. युरोपीय सरदारांनी कवायत शिकवून तयार केलेल्या पलटणींच्या तुकडीला ‘कंपू’ म्हणत. १७८४ साली महादजींच्या नोकरीत आलेला डी बॉईन हा सॅव्हॉयचा माणूस. त्याच्यापाशी कोणत्या संस्थेचा परवाना आहे, याची चौकशी झाल्याचे ऐकिवात नाही. त्याने पलटणी उभ्या करून दाखवल्या, त्या लढल्या, आणि त्याचे काम हाच त्याचा परवाना ठरला. पुढे १८१० साली दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, त्याचे लष्कर शहर झाले आणि कंपू त्याचा एक भाग होऊन राहिला.

आज कंपूची ओळख पलटणींची नाही, रुग्णालयाची आहे. शिंदे घराण्याच्या आश्रयाने उभे राहिलेले जयारोग्य रुग्णालय आणि १९४६ साली सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे पांढऱ्या गणवेशातल्या सिस्टर हे इथले नेहमीचे दृश्य आहे. यातल्या काही मुली, आणि आता मुलगेही, परदेशी जाण्याची तयारी करत असतात. तिथे मात्र डी बॉईनला न विचारलेला प्रश्न पहिल्याच अर्जात विचारला जातो: तुमचे नाव कोणत्या रजिस्टरमध्ये आहे? हाताला काम येते की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. ही रीत कुठून आली आणि तिच्यात आपली माणसे कशी अडकली, याचा इतिहास थोडक्यात मांडतो.

या गोष्टीची सुरुवात डॉक्टर स्त्रियांपासून करावी लागते, कारण दार बंद असणे म्हणजे काय हे त्यांनी आधी अनुभवले. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले आणि त्याची सूत्रे एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरणीकडे आली. पीचीबाई १८६९ पासून एडिंबरात वैद्यक शिकत होत्या, पण विद्यापीठाने स्त्री म्हणून पदवी नाकारली. त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्नची पदवी घेतली आणि १८७७ साली आयर्लंडच्या वैद्यक संस्थेकडून परवाना मिळवला. शिक्षण एका देशात, पदवी दुसऱ्या देशाची, परवाना तिसरीकडचा, आणि नोकरी मुंबईत! कामा रुग्णालयात त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले.

याच पीचीबाईंच्या पाठिंब्याने रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यक शाळा होती, पण लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा स्त्रियांना १९०९ पर्यंत बंद होत्या. म्हणून रखमाबाईंनी १८९४ साली स्कॉटलंडच्या कॉलेजांचा परवाना घेतला आणि मग सुरतेला येऊन कामाला लागल्या. त्याआधी १८८६ साली फिलाडेल्फियातून पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूर दरबाराने लगेच नेमणूक दिली होती. दरबाराने एका बाईची पदवी पाहिली आणि होकार दिला. अशी मान्यता एका दरबाराच्या शब्दावर मिळे, म्हणून ती त्या दरबारापुरतीच असे. पुढे ही जागा कायद्याने घेतली.

परिचारिकांच्या बाबतीत हा कायदा इंग्लंडात १९१९ साली झाला. त्याआधी कोणीही स्वतःला नर्स म्हणवू शके. नव्या कायद्याने जनरल नर्सिंग कौन्सिल स्थापन झाले आणि राज्यमान्य परिचारिकांचे रजिस्टर सुरू झाले. साम्राज्याच्या इतर भागांतल्या नर्सेससाठीही त्यात एक तरतूद होती: तुमच्याकडे असेच रजिस्टर असेल, त्याचा दर्जा आमच्याएवढा असेल, आणि तुम्ही आमच्या नर्सेसना मान्यता देत असाल, तर आम्ही तुमच्या नर्सेसना देऊ. म्हणजे एखाद्या बाईची पात्रता तिच्या एकटीच्या कौशल्यावर उरली नाही. तिच्या गावाने, प्रांताने नीट नोंदवही ठेवली आहे की नाही, यावर ती अवलंबून राहिली. पुढच्या शंभर वर्षांतल्या साऱ्या अडचणींचे मूळ इथे आहे.

आपल्याकडे काय होते? शिक्षण होते, आणि ते फार कष्टाने उभे राहिले होते. पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केले आणि ससून रुग्णालयात मुलींना, विशेषतः विधवांना, परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. परक्याचे अंग पुसणे, त्याचे मलमूत्र काढणे हे काम मध्यमवर्गीय घरातल्या बाईने करावे, ही कल्पनाच तेव्हाच्या समाजाला झेपत नव्हती. रमाबाईंनी घराघरांत जाऊन समजूत घातली. पण शिकलेल्या बाईचे नाव नोंदवायला कायदेशीर रजिस्टर मुंबई इलाख्यात १९३५ साली आले. मद्रासेत ते १९२६ पासून होते. हे कायदेही प्रांतापुरते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा ही संस्थाने त्यांच्या कक्षेबाहेर होती. एका प्रांतातली शिकलेली नर्स दुसऱ्या प्रांतात आपोआप मान्य नसे, तिथे विलायतेची गोष्ट दूरच.

१९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. इंग्लंडात हे प्रमाण तीनशे लोकांमागे एक असे होते. ही उणीव आणि प्रांताप्रांतांतला विस्कळीतपणा दूर करण्यासाठी १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि १९४९ साली परिषद स्थापन झाली. तिने देशभर एकसारखा अभ्यासक्रम आणि परस्पर मान्यता आणली. नोंदणीचे काम मात्र राज्यांकडेच राहिले. आपल्या राज्याचे तर नाव आणि नकाशाच बदलत गेले. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात गेले, १९५६ साली मध्यभारत मध्य प्रदेशात. नंतरही बरीच वर्षे इथल्या नोंदणी मंडळाच्या नावात ‘महाकोशल’ होते. ग्वाल्हेरात शिकलेल्या सिस्टरच्या कागदावर महाकोशलचे नाव का, हे आपल्याला कळते. सातासमुद्रापलीकडच्या कारकुनाला ते समजावून सांगावे लागते.

१९४८ साली इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिला मनुष्यबळ हवे होते. कॅरिबियन बेटे, मलाया, आफ्रिका आणि भारत इथून मुली बोलावण्यात आल्या. तिथे परिचारिकांच्या दोन पायऱ्या होत्या. तीन वर्षे शिकून ‘रजिस्टर’मध्ये जाणारी स्टेट रजिस्टर्ड नर्स आणि दोन वर्षे शिकून ‘रोल’वर जाणारी स्टेट एन्‍रोल्ड नर्स. दोन्ही शब्द नवख्या मुलीला सारखेच वाटत. बाहेरून आलेल्या कितीतरी मुलींना फरक न समजावता दुसऱ्या पायरीवर घातले गेले. बढतीची वेळ आली तेव्हा आपण खालच्या वहीत आहोत हे त्यांना उमगले. मायदेशी परतलेल्यांना आणखी धक्का बसला, कारण त्या दोन वर्षांच्या प्रमाणपत्राला इतर अनेक देशांत तीन वर्षांच्या शिक्षणाची बरोबरी नव्हती. विलायतेचा शिक्का असूनही तो कागद घरी पुरेसा ठरेना. परदेशी शिकलेल्या नर्सला अडवणारे दार दोन्ही बाजूंनी बंद होऊ शकते, ते असे.

अमेरिकेची कथा १९६५ नंतरची. त्या वर्षी तिथला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातून परिचारिका जाऊ लागल्या. व्हिसा मिळे, पण काम करण्याचा परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ परीक्षा घेऊन देई. बाहेरून आलेल्या बहुसंख्य नर्सेस त्या परीक्षेत नापास होत आणि मग मदतनीस म्हणून कमी पगारावर, कधी परवान्याविना, नर्सचेच काम करत. हा प्रकार थांबवण्यासाठी १९७७ साली परदेशी परिचारिकांची पात्रता तपासणारा एक आयोग स्थापन झाला. त्याचे ठाणे फिलाडेल्फियाला, म्हणजे आनंदीबाईंच्याच गावी. उमेदवाराने देश सोडण्याआधीच पात्रता सिद्ध करावी, असा त्यामागचा हेतू.

हा आयोग काय पाहतो, ते समजून घेण्यासारखे आहे. अर्जदार आपल्या देशात पहिल्या दर्जाची सर्वसाधारण परिचारिका आहे का? आपल्याकडची जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग त्यात बसते, एएनएम बसत नाही. मोठ्यांचे आजार व शस्त्रक्रिया, बाळंतपण, बालरोग आणि मनोरुग्णसेवा या विषयांचे वर्गातले तास किती आणि वॉर्डातले किती? वीस वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या सिस्टरच्या गुणपत्रिकेत मनोरुग्णसेवेचे तास दिसले नाहीत, तर तिची वीस वर्षे ती जागा भरून काढत नाहीत. शिवाय हे तास अर्जदाराने सांगून चालत नाही. ते शाळेने आणि नोंदणी मंडळाने थेट कळवावे लागतात. शाळा बंद पडली असेल, जुनी दप्तरे सापडत नसतील, तर बाई पात्र असूनही अपात्र. त्यानंतरची परवाना परीक्षा २००५ पर्यंत अमेरिकेच्या हद्दीत जाऊनच द्यावी लागे. मग लंडन, हाँगकाँग, सोल इथे केंद्रे झाली आणि नंतर ती भारतात आली.

इंग्लंडनेही नियम घट्ट केले. २००५ पासून बाहेरच्या नर्सेसना तिथल्या खास अभ्यासक्रमातून जाणे सक्तीचे झाले. २०१४ पासून त्याऐवजी संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक आले. इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात अर्ध्या गुणाने मागे राहणाऱ्या इतक्या निघाल्या की २०१८ च्या अखेरीस लेखनाची पातळी सातावरून साडेसहावर आणावी लागली. जर्मनीत भाषेची परीक्षा जर्मनमध्ये असते.

आपल्या घरातली एक अडचण वेगळीच आहे. लग्नानंतर आपल्याकडे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, आणि जुन्या पिढीत तर पाळण्यातले नावही जाई. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक बाई, नोंदणीवर दुसरी, पासपोर्टवर तिसरी. या तिघी एकच आहेत, हे प्रतिज्ञापत्र करून, राजपत्रात छापून सिद्ध करावे लागते. पुरुष नर्सला हा त्रास नाही, पण त्याला बाळंतपणाच्या वॉर्डातले तास दाखवावे लागतात.

या साऱ्या नियमांना निव्वळ आडकाठी म्हणणे न्यायाचे होणार नाही. चुकीचे इंजेक्शन देणारा हात रुग्णाच्या जिवावर बेततो. आपला माणूस आजारी असताना त्याच्या उशाशी उभी असलेली सिस्टर खरोखर शिकलेली असावी, असे आपल्यालाही वाटतेच. म्हणूनच परदेशी मंडळाच्या कडकपणावर बोट ठेवण्याआधी आपल्या अंगणाकडे पाहणे भाग आहे.

गेल्या काही वर्षांत मध्य प्रदेशात जे घडले ते ग्वाल्हेरकरांना माहीत आहे. धड इमारत नाही, सरावाला रुग्णालय नाही, शिक्षक कागदावर, अशी नर्सिंग महाविद्यालये निघाल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सीबीआयकडे तपास आला. २०२४ च्या सुरुवातीला समोर आलेल्या तपासणीत ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अयोग्य ठरली. त्याच वर्षी तपासणी करणाऱ्यांपैकीच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि योग्य ठरलेल्या महाविद्यालयांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या काळात परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. ज्या मुलींनी प्रामाणिकपणे शुल्क भरले, वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, त्यांची उमेदीची वर्षे यात गेली. परदेशातला अधिकारी त्यांना ओळखत नाही. तो इथल्या रजिस्टरला ओळखतो, आणि रजिस्टरवरचा विश्वास डळमळला तर त्यातल्या चांगल्या नावांनाही त्याची किंमत मोजावी लागते. २०२३ साली संसदेने जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला आहे. त्यात देशपातळीवरच्या रजिस्टरची तरतूद आहे. ते रजिस्टर किती चोख ठेवले जाईल, यावर पुढच्या पिढीचे बरेच काही ठरेल.

तोवर घरात करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाची मान्यता त्या वर्षापुरती तपासावी. सरावाचे रुग्णालय स्वतः जाऊन पाहावे. शिकत असतानाच प्रत्येक विषयाच्या तासांची शिक्क्यासह नोंद मागून घ्यावी. नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये. पासपोर्ट काढताना शाळेच्या दाखल्यावरचे नाव समोर ठेवावे.

गणपतीच्या दहा दिवसांत आरतीला येणाऱ्या मुलींमध्ये दोनतीन तरी नर्सिंगला जाणाऱ्या असतात. आपल्यातल्या कितीतरी काकू आणि मावश्यांनी रुग्णालयांत, शाळांत, कचेऱ्यांत आयुष्य घालवले आहे. दाखले, दप्तरे, अर्ज हे त्यांच्या हातचे काम आहे. यंदा प्रसाद देता देता त्या मुलींना एवढे विचारावे, “बाळ, तुझे कॉलेज मान्य आहे ना? कागद दाखव बरं.”