घाट, हँडल आणि स्त्रिया

मुंबईहून नाशकास येताना कसाऱ्याचा घाट हल्लीची मोटार सहज चढून जाते. आरंभीच्या मोटारींस मात्र घाट म्हणजे कसोटीच असे. पाणी उकळे, चाकांमागे दगड लावावे लागत. फोर्डच्या 'टी' नमुन्याच्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपल्या भारानेच यंत्राकडे उतरे. टाकीत ते थोडे असले की खडा चढ उलट्या तोंडाने, मागे मागे जात चढावा लागे! आजच्या रॅलीचे मूळ अशा कसोट्यांतच आहे. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची जी चाचणी झाली, तिच्यातही वेगापेक्षा गाडीच्या भरवशाची परीक्षा अधिक होती.

पुढल्याच वर्षी, १९०५ साली, रतनजी दादाभॉय टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान ऊर्फ सूनी यांनी मोटार चालविली, आणि हिंदुस्थानात मोटार हाकणारी पहिली स्त्री त्याच, असे सांगतात. 'पहिली' हे विशेषण इतिहासात जपूनच वापरावे. नोंद बहुधा श्रीमंतांच्या घरचीच राहते. जे. आर. डी. टाटा हे त्यांचेच चिरंजीव. १९३२ साली कराचीहून मुंबईस टपालाचे विमान त्यांनी आणले, तेव्हा मातोश्री हयात नव्हत्या.

स्त्रियांनी मोटार चालवू नये, यासाठी पुढे केले जाणारे एक कारण हँडलचे. यंत्र सुरू करण्यास लोखंडी हँडल पुढून जोराने फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. विजेवर सुरू होणारी कॅडिलॅक १९१२ मध्ये निघाली व ही अडचण दूर झाली. पण म्हणून स्त्रियांस मोटार यंत्रशास्त्राने दिली, असे म्हणणे मला पटत नाही. कामीय द्यु गास्त ही फ्रेंच बाई १९०१ सालीच पॅरिस-बर्लिन शर्यतीत धावली होती. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत जखमी स्पर्धकाच्या मदतीसाठी तिने आपली गाडी थांबविली. एवढे होऊनही पुढील वर्षी स्त्रियांच्या नाजूक प्रकृतीची सबब सांगून तिला शर्यतीस मज्जाव झाला! इंग्लंडात डॉरथी लेव्हिट हिने १९०६ मध्ये ताशी सुमारे ९६ मैलांचा वेग गाठला. मागचे दिसावे म्हणून हातआरसा जवळ बाळगावा, ही तिच्या १९०९ च्या पुस्तकातील सूचना. पुढे गाडीस आरसा जोडण्याची रीतच पडली. हँडल होते तेव्हाही या बाया होत्याच. आडवी आली ती पुरुषांची मर्जी.

१९२७ साली मिल्ड्रेड ब्रूस हिने स्कॉटलंडच्या उत्तर टोकापासून माँटे कार्लोपर्यंत गाडी नेऊन स्त्रियांसाठी ठेवलेला चषक जिंकला. आपल्याकडे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने मुंबईहून ॲम्बी व्हॅलीपर्यंत केवळ स्त्रियांची रॅली भरविली, तीत शेकडो स्त्रिया उतरल्या. अशा रॅलीत ठरल्या वेळेआधी पोहोचणाऱ्या गाडीसही दंडाचे गुण पडतात.