व्हॉयेजर सुवर्ण तबकडी : संगीताची निवड व मांडणी

पृथ्वीचा परिचय परग्रहांवरील संभाव्य श्रोत्यांना व्हावा, यासाठी नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर १ व २ या यानांवर बसवलेला ध्वनिचित्रसंग्रह. सोन्याचा मुलामा दिलेल्या १२ इंची तांब्याच्या तबकडीवर ११५ चित्रे, निसर्गातील व मानवी व्यवहारांतील आवाज, मराठीसह ५५ भाषांतील अभिवादने आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे.

निवड : कार्ल सेगन अध्यक्ष असलेल्या समितीने दोन पथ्ये पाळली. जगातील विविध संस्कृतींना स्थान द्यायचे आणि केवळ प्रतिनिधित्वासाठी काहीही घ्यायचे नाही. प्रत्येक रचना मनाला भिडली पाहिजे. संगीतसंग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स व संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांचा सल्ला घेण्यात आला. निवडलेल्या २७ रचनांत बाखच्या ३ व बेथोव्हेनच्या २ रचनांबरोबर जावाचे गामेलान, जॉर्जियातील समूहगान, नावाहो रात्रगान आणि चक बेरीचे रॉक अँड रोल आहे.

भारताची एकच रचना आहे : सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायलेली ‘जात कहां हो’ ही भैरवी. तिची शिफारस ब्राउन यांनी केली होती. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. जयपूर-अत्रौली घराण्याची दमदार गायकी येथे साडेतीन मिनिटांत एकवटली आहे. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले; त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाईंचे निधन झाले.

मांडणी : तबकडी कशी वाजवावी हे आवरणावर आकृत्यांनी दाखवले आहे. मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची संथ गती ठरवल्यामुळे एवढे संगीत मावले. पृथ्वीवरील वाचकांसाठी समितीने १९७८ मध्ये ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९२ च्या आवृत्तीला सीडी-रॉमची जोड मिळाली.

मूल्यमापन : मूळ यादीतील काही नोंदी चुकीच्या होत्या. सेनेगलचे म्हणून दिलेले तालवादन बेनिनमधील माही वादकांचे, तर अझरबैजानच्या नोंदीत ‘बॅगपाइप’ म्हटलेले वाद्य म्हणजे कामिल जलीलोव्ह यांचे बालाबान. ओझ्मा रेकॉर्ड्सच्या २०१७ च्या संचात या नोंदी सुधारण्यात आल्या. कलावंत, गाव, वाद्य व ध्वनिमुद्रणाचे साल यांची अचूक नोंद हा ध्वनिकोशाचा गाभाच होय. ती नसेल, तर निवड कितीही रसिकतेने केलेली असली तरी ज्यांचे संगीत आहे त्यांचे श्रेय त्यांना मिळत नाही.