जमैकातला गांजा आणि गर्भातले मूल

१८४५ साली ‘ब्लंडेल हंटर’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये (करारबद्ध मजूर) जमैकात उतरले. गुलामगिरी १८३८मध्ये पुरती संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ते मुख्यतः उत्तर भारतातून नेले गेले आणि त्यांच्याबरोबर गांजाही तिकडे रुजला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांनी तो आपलासा केला. वसाहतीच्या सरकारने १९१३मध्ये त्यावर बंदी घातली, तरी खेड्यापाड्यांत तो टिकला, कारण तिथे तो नशेइतकाच घरगुती औषधही होता. पानांचा काढा अंगात ताकद यावी म्हणून लहान मुलांनाही पाजत, आणि गरोदरपणातली मळमळ शमावी म्हणून काही बायका गांजाचा आधार घेत.

या प्रथेमुळेच मेलनी ड्रेहर या संशोधिकेचे लक्ष जमैकाकडे गेले. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीत गरोदरपणी गांजा घेतलेल्या मातांची २४ बाळे आणि न घेतलेल्यांची २० बाळे होती. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि महिन्याभराने तर भरपूर गांजा घेणाऱ्या मातांची बाळे अधिक सावध, कमी किरकिरी आढळली. गांजाच्या समर्थकांनी हा निष्कर्ष डोक्यावर घेतला. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही नोंदली होती : भरपूर गांजा घेणाऱ्या बायका तुलनेने शिकलेल्या आणि पैशाने स्वावलंबी होत्या. मुले पाच वर्षांची होईपर्यंतच्या पाहणीतही त्यांच्या गुणांचा संबंध घरच्या वातावरणाशी आणि बालशाळेतल्या हजेरीशी लागला. मुलांचे बरे चालले होते ते गांजामुळे, असे यातून मुळीच निघत नाही. सुस्थित घर बरेच काही सावरून घेते, एवढेच निघते.

मग हानी होते की नाही? त्यासाठी मुलांना लांबवर पाहावे लागते. कॅनडात ओटावा येथे पीटर फ्रीड यांनी १९७८मध्ये सुरू केलेल्या पाहणीत गांजा घेतलेल्या मातांच्या नवजात बाळांत कंप आणि दचकणे अधिक दिसले. चौथ्या वर्षी स्मरणशक्ती आणि भाषा यांत उणीव आढळली, पाच-सहा वर्षांच्या वयात मात्र फरक सापडेना. नऊ ते बाराव्या वर्षांत तो परतला, तोही सरसकट बुद्धिमत्तेत नव्हे, तर नियोजन आणि आवर यांसारख्या वरच्या पायरीच्या कामांत. अमेरिकेतील पिट्सबर्गला १९८२पासून गरीब मातांच्या मुलांची नोंद ठेवली गेली. तिथे गांजा घेतलेल्या मातांच्या मुलांत दहाव्या वर्षी चंचलपणा आणि एकाग्रतेची कमतरता दिसली. म्हणजे बाळ महिन्याचे असताना दिलेला निर्वाळा शाळकरी वयाला पुरत नाही. मेंदूकडून अपेक्षा वाढतात तेव्हाच त्यातली उणीव उघडी पडते.

यावर आक्षेप असा, की गांजा घेणाऱ्या पुष्कळ माता तंबाखू आणि दारूही घेतात, गरिबीत राहतात. मग दोष गांजालाच का? आक्षेप रास्त आहे. संशोधक हे घटक हिशेबात धरतात, पण ते पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत आणि आढळलेले परिणाम बहुधा लहान आहेत. तरीही गांजातला टीएचसी हा घटक वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो, आणि त्याला प्रतिसाद देणारे ग्राही गर्भाच्या मेंदूत चेतापेशींच्या जडणघडणीत भाग घेतात. त्यामुळे शंकेला शरीरशास्त्राचा आधार आहे. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे’ या युक्तिवादाचे बळही आता घटले आहे : अमेरिकेत जप्त झालेल्या मालात टीएचसीचे प्रमाण १९९५मध्ये सुमारे ४ टक्के होते, २०१४मध्ये ते सुमारे १२ टक्के झाले. आजीच्या काढ्याचा दाखला या मालाला लागू पडत नाही. गरोदरपणी गांजा टाळावा, हा डॉक्टरांचा सल्ला म्हणूनच योग्य ठरतो. मात्र ज्या मातेने तो घेतला तिला गुन्हेगार ठरवून मूल तिच्यापासून तोडण्याला या पुराव्यात आधार नाही. मुलाला सावरणारे घर आणि शाळा मिळाली तर फरक पडतो, हे जमैकानेच दाखवले आहे. तेव्हा सल्ल्याबरोबर त्या घराला मदतही पोचली पाहिजे.