थंड हवेच्या ठिकाणाविना : चांदा-गडचिरोली वनप्रदेशातील स्थलदर्शनाचा इतिहास

महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा यांसारखी थंड हवेची ठिकाणे कशी उदयास आली, याची चर्चा वसाहतकालीन इतिहासाच्या अभ्यासात वारंवार होते. असे ठिकाण एखाद्या प्रदेशात का उदयास आले नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या बाबतीत तो विचारण्याजोगा आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो; म्हणजे थंड जागेची गरज येथे इतर कोठल्याही जिल्ह्याइतकीच होती. डोंगरांचीही उणीव नाही. भामरागड, सुरजागड, टिपागड, पेरजागड ही नावे परिचित आहेत. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांचा भामरागडजवळील संगम तर कोणत्याही गिरिस्थानाला शोभून दिसला असता. तरीही येथे ना बंगल्यांची वसाहत झाली, ना उन्हाळी हंगाम सुरू झाला. या अभावाची कारणे आणि त्यातून घडलेली स्थलदर्शनाची वेगळी परंपरा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डोंगरांची कमी उंची हे सहज सुचणारे उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. चिखलदरा अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे व पचमढी हजार मीटरच्या वर आहे, हे खरे. परंतु १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने नावारूपास आणलेले माथेरान सुमारे आठशे मीटरच उंच आहे. उंचीपेक्षा महत्त्वाची होती ती लष्कराची छावणी. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी एलिचपूरची छावणी होती, तर पचमढीच्या आरोग्यधामामागे मध्य प्रांतातील गोऱ्या सैनिकांची निकड होती. चांद्याचा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांनी जिंकला व १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पण वैनगंगेच्या पूर्वेस मोठी छावणी कधीच वसली नाही. शिवाय तो डोंगराळ मुलूख बहुतांशी जमीनदाऱ्यांत विभागलेला होता व त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. परक्या जमीनदाराच्या जंगलात, हिवतापाच्या माहेरघरी, बंगला बांधण्यास कोण धजावणार? त्यातच १८५८ चा उठाव घडला. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चुंचगुंडी येथे तारखात्याचे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. उठावाचे नेते बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आली. त्यानंतर हा प्रदेश राज्यकर्त्यांच्या लेखी विसाव्याचा राहिला नाही, बंदोबस्ताचा झाला.

एका गावाला मात्र काही काळ वेगळे भवितव्य लाभेल असे वाटत होते. ते गाव म्हणजे सिरोंचा. १८६० मध्ये निजामाशी झालेल्या तहाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांकडे आला आणि ‘अप्पर गोदावरी’ नावाचा नवा जिल्हा निर्माण होऊन सिरोंचा त्याचे मुख्यालय बनले. गोदावरीतून वर्धा-वैनगंगेपर्यंत आगबोटी चालवून वऱ्हाडचा कापूस थेट समुद्राकडे न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची महत्त्वाकांक्षी योजना होती. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही तिचा हिरिरीने पाठपुरावा केला. नदीतील खडकांचे अडथळे टाळण्यासाठी बंधारे व कालवे यांवर बराच खर्च झाला. तोवर रेल्वे नागपुरास पोचली होती आणि १८७१ मध्ये हे काम थांबवण्यात आले. १८७४ मध्ये जिल्हाही मोडला व सिरोंचा चांद्यात विलीन झाले. जलमार्ग यशस्वी झाला असता तर नदीकाठी वर्दळीचे एखादे नगर उभे राहिले असते, असे अनुमान करण्यास जागा आहे. प्रत्यक्षात उरले ते एक निवांत तालुक्याचे गाव. पुढे लोहमार्गानेही या भागाकडे पाठच फिरवली. गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ देसाईगंज म्हणजेच वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते.

थंड हवेचे ठिकाण नसले तरी पाहण्याजोग्या स्थळांची यादी तयार झाली, आणि ती उन्हाळ्यात नव्हे तर हिवाळ्यात. मध्य प्रांताचे अधिकारी वैशाखात पचमढीकडे जात. पावसाळा ओसरून हिवताप शमला की जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत. तंबू, बैलगाड्या, कारकून असा लवाजमा नद्यांच्या काठाने व खोऱ्यांतून सरके; डोंगरमाथ्यावर जाण्याचे त्याला कारण नव्हते. लुसी-स्मिथ याचा १८६९ चा जमाबंदी अहवाल हे या दौऱ्यांचेच फलित. शेतसाऱ्याची आकारणी करता करता त्याने किल्ले, देवळे व लेणी यांचीही नोंद केली. १८७० च्या ग्रँटकृत गॅझेटियरने व १९०९ च्या जिल्हा गॅझेटियरने तीच वाट पुढे नेली. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात मार्कंडा व भांदक येथे आला आणि मार्कंड्याच्या शिल्पांची तुलना त्याने खजुराहोशी केली. ‘विदर्भाचे खजुराहो’ हे आजच्या माहितीपत्रकांतील बिरुद याच तुलनेच्या वळणाचे आहे. भांदकची विजासन लेणी, चांद्याचा परकोट, बल्लारपूर, वैरागड व माणिकगड हे किल्ले ही यादी आजही फारशी बदललेली नाही.

या यादीची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कोरलेला दगड असेल तेथेच ती थांबते. तंबूतून उतरलेल्या अधिकाऱ्याला जे ‘अवशेष’ दिसत, ते स्थानिकांच्या दृष्टीने अवशेष नव्हतेच. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून ते तीर्थ. महाशिवरात्रीला तेथे झाडीपट्टीतून माणसे लोटतात ती शिल्पे पाहण्यासाठी नव्हे. वीज पडून शिखराची पडझड झाली तरी यात्रा खंडित झाली नाही. ‘जाणे’ आणि ‘पाहणे’ यांतील हे अंतर गॅझेटियरकारांना जाणवले होते, असे म्हणवत नाही.

ताडोबाच्या इतिहासात हे अंतर अधिक ठळक होते. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला व देव झाला, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. तळ्याकाठी वृक्षाखाली त्याचे स्थान असून पौषात तेथे जत्रा भरत असे. १९३५ मध्ये येथे शिकारबंदी झाली. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आज महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ज्याचा गौरव होतो ते महाराष्ट्र राज्याच्या जन्मापूर्वीचे आहे. १९८६ चे अंधारी अभयारण्य व हे उद्यान मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे बाहेर वसवण्यात आली आणि तारूच्या जत्रेवर निर्बंध आले. ज्याच्या नावाने तळे ओळखले जाते त्याच्या भक्तांना मज्जाव आणि तिकीट काढलेल्या प्रवाशाला प्रवेश, ही विसंगती वन्यजीवरक्षणाचे महत्त्व पूर्णतः मान्य करूनही नोंदवावी लागते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाल्यावर त्याच्या वाट्याला मुख्यतः वनखात्याने घडवलेली स्थळे आली. आलापल्लीचे सागवन व कमलापूरचा हत्तीकॅम्प ही मूळची लाकूडव्यवसायाची ठिकाणे. ओंडके ओढणारे हत्ती पुढे प्रेक्षणीय ठरले. १९५३ मध्ये तोडीतून वगळून राखलेला आलापल्लीजवळचा सुमारे सहा हेक्टरांचा तुकडा ‘वनवैभव’ म्हणून ओळखला जातो. २०१४ मध्ये तो राज्यातील पहिले जैविक वारसा स्थळ ठरला. अवतीभवतीच्या अरण्यातून किती सागवान गेले, याची मोजदाद त्या सहा हेक्टरांवरून करता येते. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथील जीवाश्मांचे उद्यान ही त्या मानाने अलीकडची भर. भामरागडची कथा निराळी. तेथे जाणारा प्रवासी बहुधा १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पासाठी जातो व संगम ओघाने पाहतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटणे ही तेथील रहिवाशांची वर्षानुवर्षांची व्यथा होती. हिवाळी प्रवाशाला तिचा पत्ताही नसे.

सुरजागड मात्र कोणत्याही यादीत ठळकपणे आला नाही. एटापल्ली तालुक्यातील या पहाडावर ठाकूरदेवाचे स्थान आहे व दरवर्षी जानेवारीत माडिया समाजाची यात्रा भरते. तेथे कोरीव शिखर नाही. जो आहे तो पहाडच देवाचा आहे. त्याच पहाडाच्या पोटात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ मध्ये त्यासाठी खाणपट्टा मंजूर झाला व २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले. रोजगाराच्या आशेने त्याचे स्वागत करणारे आहेत आणि परिसरातील ग्रामसभांनी केलेला विरोधही नोंदलेला आहे. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे, पहाड हेच आपले देवस्थान आहे, अशी भूमिका या ग्रामसभा मांडत आल्या आहेत. जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या स्थलयाद्यांत त्यांच्या बाजूने दाखवता येईल अशी नोंद जवळपास नाही. हिवाळी दौऱ्याचे तंबू नदीच्या खोऱ्यातच पडत, आणि सुरजागडचा माथा त्यांच्या वाटेवर नव्हता.