भाषेवाचून वाढलेली मुले

वाचकहो, तान्ह्या मुलाच्या कानावर माणसाची भाषाच पडू दिली नाही, तर ते काय बोलेल? अकबर बादशहाने हे अजमावून पाहिले. काही बालके त्याने एका वाड्यात ठेवली आणि त्यांच्याशी कोणी बोलू नये अशी ताकीद दिली. १५८२ साली तो तेथे गेला, तेव्हा मुक्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही. अबुल फझलने अकबरनाम्यात हे नोंदवून ठेवले आहे.

पुढे इयान वॉटसन या इंग्रज लेखकाने हाच धागा उचलला. १९६५ ते १९७० या काळात आधी दारेस्सलाम व मग टोकियो येथे परक्या विद्यार्थ्यांना त्याने इंग्रजी साहित्य शिकविले. १९७३ साली त्याची 'द एम्बेडिंग' ही विज्ञानकादंबरी निघाली. तिच्यात शास्त्रज्ञ अनाथ मुलांना कोंडून मुद्दाम घडविलेली भाषा शिकवितात. भाषा बदलली की मनाला दिसणारे जगही बदलते का, हे त्यांना पाहायचे असते. पण त्या ओझ्याखाली मन ढासळू लागते.

बादशहाच्या वाड्यात भाषा नव्हती. कादंबरीत होती, पण मायेच्या माणसाची नव्हती. गुरुजींनो, घरची बोली बोलणाऱ्या पोराला वर्गात "गप्प बस" म्हणण्याआधी एवढे जरूर आठवा.