बोटीची सहल आणि 'रामदास'

देवपूरच्या आम्हा बायकांना पाण्याची ओळख पांझरेपुरती. पण आमची दहावीतली पोरं मोबाइलवर क्रूझ दाखवतात अन् सुट्टीत बोटीनं गोव्याला जाऊ म्हणतात. कोकणातली कुटुंबं पूर्वी अशीच मुंबईहून निघायची. डेकवर वळकट्या पसरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत. हौस कसली, गावी जायची तीच सोयीची वाट. त्याच समुद्रात १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सुमारास, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेवर माणसं गेली. पाणी आत येताच लोक एका अंगाला धावले, बोट कलंडली. पोरांना आम्ही नाही म्हटलं नाही. पावसाळ्यात जायचं नाही, अन् बोटीवर फोटोआधी लाइफ जॅकेट कुठे ते बघायचं, एवढं कबूल करून घेतलंय.